संदर्भ नसलेलं खाटलं

गाडी सुटायला थोडीच मिनिटं उरली होती तेव्हा आप्पा अमळनेर स्टेशनच्या जिन्यावरून धावत उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. गावाच्या पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. लेक सासरी सुरतला निघाली त्या दिवशीही खालच्या गल्लीचं पाणी पूर्ण सोडल्याशिवाय ते निघाले नव्हते. आई कधीची डब्यापाशी उभी राहून डोळे पुसत होती. माझे यजमान प्रकाश ट्रंक आत ढकलत होते. आप्पांनी खिडकीचा गज धरला, दम खाल्ला आणि म्हणाले, "तठे दिवा भलता ऱ्हातीन. तारा दिसाव नहीत."

तिथे दिवे फार असतील, तारे दिसणार नाहीत; बापानं निरोपाला हे काय सांगावं, असं मला वाटलं. मग गाडी हलली.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, आणि जे माझ्यासारखे तापीच्या काठाकाठानं नंदुरबार, नवापूर, बारडोली मागे टाकत इकडे आलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. घरात अजून कुणाला पुरतं सांगितलेलं नाही.

आप्पांचं काम पहाटे चारला सुरू व्हायचं. लहानपणी मी हट्टानं त्यांच्यासोबत टाकीपर्यंत जायची. पाणी चढेपर्यंत बसून राहावं लागे, तेव्हा ते आकाश दाखवायचे. सप्तर्षी हा शब्द मला शाळेत कळला. त्याआधी ते खाटलं होतं. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती खाट चोरायला आलेले चोर. "आजून चोरी नहीत ऱ्हायना का?" अजून चोरली कशी नाही, असं मी विचारायची. "म्हतारी जागी शे ना," आप्पा म्हणायचे.

सुरतला आम्ही डिंडोलीत एका खोलीत राहिलो. प्रकाश डाईंग मिलमध्ये होते. गल्लीत सगळे आपलेच, धुळ्या-जळगावचे. तिथे अहिराणी बोलायला कुणाची चोरी नव्हती. मी आधीच डी.एड. झालेली होते. दोन वर्षांनी मला एका मराठी शाळेत नोकरी लागली आणि तिथे गोष्ट बदलली. शिक्षकखोलीत पुण्या-नाशिककडच्या बाया होत्या. पहिल्याच आठवड्यात 'साहेब इथे होते' म्हणायच्या जागी मी "साहेब आठे व्हतात" असं बोलून गेले, आणि एक बाई इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. तिचं हसणं वाईट हेतूचं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी तोंडात येणारा प्रत्येक शब्द तपासू लागले. वर्षभरात माझी भाषा इतकी स्वच्छ झाली की नवीन आलेले लोक विचारायचे, "तुम्ही सदाशिव पेठेतल्या का?" मला त्याचा आनंद व्हायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण व्हायचा.

इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश मला शाळेमुळेच सापडला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, पैसा नाही, नाव नाही. सूर्यमालेवरचा एक लेख चुकीचा होता, तो मी दुरुस्त केला आणि मग सुटलेच. सकाळची शाळा संपवून घरी यायचं, जेवायचं आणि दुपारी दोन ते पाच लिहायचं. मुलगी कॉलेजातून आली की गुजरातीत म्हणायची, "मम्मी, तू फरी लखवा बेठी?" पुन्हा लिहायला बसलीस?

मी बाह्यग्रह निवडले. आपल्या सूर्याभोवती न फिरता दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. त्यांचं वस्तुमान, ताऱ्यापासूनचं अंतर, एका फेरीला लागणारे दिवस. प्रत्येक वाक्याला शास्त्रज्ञांच्या निबंधाचा संदर्भ. हे ग्रह का आवडतात, असं कुणी विचारलं असतं तर मी शास्त्राबद्दल काहीतरी सांगितलं असतं. खरं कारण वेगळं होतं. त्यांना कुणाच्या आजीनं नाव ठेवलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून गाव निसटण्याची भीती नव्हती.

तिथे प्रत्येक जण टोपणनाव घेतो. मी घेतलं 'लोलक'. विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द. सगळे मला पुरुष समजत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. हळूहळू माझ्यावर राखणीचं काम आलं. नवे बदल पाहायचे, आणि संदर्भ नसलेला मजकूर आला की तो उलटवायचा, म्हणजे काढून पान पूर्वीसारखं करायचं. त्या कामात मी चांगली होते. कडक होते.

आई गेल्यावर आप्पा गावी माझ्या धाकट्या भावाकडे, सुनीलकडे राहत होते. त्यानं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. आमचं रविवारी बोलणं व्हायचं, पण पाऊसपाणी आणि तब्येत झाली की विषय संपायचे. एकदा काही सुचेना म्हणून मी सांगून टाकलं, "आप्पा, मी ज्ञानकोशमा लिखस. तारासवर."

तिथे माझं नाव असतं का, हे त्यांनी लगेच विचारलं. "तठे तुन्हं नाव ऱ्हास का?"

"नही. टोपननाव ऱ्हास."

"मंग तू लिखेल कोनतं, माले कसं समजी?"

माझ्यासमोर तपासायच्या वह्या पडल्या होत्या. सगळंच वाचायला सांगत मी हसून म्हटलं, "बठ्ठं वाचा. त्यामा मन्हंबी सापडी."

त्यानंतर काही महिन्यांनी सप्तर्षीच्या लेखात एक वाक्य आलं. "खानदेशात यास खाटलं म्हणतात. मागील तीन तारे हे चोर होत." लिहिणाऱ्यानं नाव नोंदवलेलं नव्हतं. अशा वेळी नावाच्या जागी नुसते आकडे दिसतात. लेखाला जोडून एक चर्चापान असतं, तिथे मी नेहमीचा मजकूर टाकला. "विश्वासार्ह संदर्भाशिवाय मजकूर भरू नये. आपला मजकूर काढला आहे." आणि वाक्य काढलं.

आठवड्यानं ते परत आलं. सोबत चर्चापानावर दोन ओळी: "महोदय, हे आमच्या भागात सर्वश्रुत आहे. मी स्वतः बालपणापासून ऐकत आलो आहे. कळावे." मी लिहिलं, "स्वतःचे ऐकीव ज्ञान संदर्भ ठरत नाही. पुन्हा असे केल्यास संपादनास मनाई होऊ शकते." परत काढलं.

त्याच आकड्यांनी मग माझ्या एका बाह्यग्रहाच्या चर्चापानावर विचारलं, "या ग्रहावर वर्ष चार दिवसांचे असते असे लिहिले आहे. मग तेथे माणसाचे वय कसे मोजावे? आमच्या घरातील कोणी तेथे गेल्यास ते लवकर म्हातारे होईल काय?" मी उत्तर दिलं, "चर्चापान लेख सुधारण्यासाठी आहे, सामान्य प्रश्नांसाठी नाही."

तुम्ही म्हणाल, ओळखलं कसं नाहीस? आप्पांचं लेखी मराठी मी कधी पाहिलंच नव्हतं. पत्रं लिहायची ती आई, आणि नंतर फोन आला. माझे आप्पा अहिराणीत बोलत. 'महोदय' आणि 'कळावे' लिहिणारा माणूस मला भेटलेलाच नव्हता. आणि खाटलं म्हणणारी माणसं खानदेशात काय कमी आहेत?

त्या उन्हाळ्यात एका रविवारी आप्पा फोनवर म्हणाले, "एक साहेब शे. भलता कडक. पुरावा मांगस."

मला वाटलं, पंचायतीत कसला तरी दाखला अडला असेल. माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होतं. "मांगस तर दी टाका आप्पा. नियम तो नियम."

"मन्हा डोयासनी देखेल शे, तरीबी?"

"तुमना डोयासले कोन इचारस?" तुमच्या डोळ्यांना कोण विचारतं, असं मी म्हटलं. ते हसले. मीही हसले.

दिवाळीच्या आधी आप्पा गेले. झोपेतच. मी सुरतजवळच्या उधन्याहून गाडी पकडली आणि पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

दहाव्यानंतर सुनीलनं एक जाड वही माझ्यासमोर ठेवली. पाणी सोडल्याच्या वेळा लिहायची जुनी वही, तिची मागची पानं आप्पांनी वापरली होती. "हाई तूच ली जाय," तो म्हणाला. "उन्हायाभर आप्पा एस्टीमा बठीसन तालुकाले जायेत. लायब्ररीमा बसेत. काय शोधेत, आमले नही समजनं. तुन्हा तारासनं दिसस."

मी तिथेच ओट्यावर वही उघडली. निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात माझं वाक्य होतं. "विश्वासार्ह संदर्भाशिवाय मजकूर भरू नये." शब्द न् शब्द उतरवून घेतलेला. खाली लिहिलं होतं, "लोलक यांचे म्हणणे योग्य आहे. पुरावा हवा." पुढे पुस्तकांची नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर "नाही". पंचांग, नाही. लोककथांचं पुस्तक, नाही. शब्दकोश, नाही. दोन पानं भरून नाही.

त्याच्या मागच्या पानावर लेखांची यादी होती. सूर्य, ध्रुव, अगस्ती आणि माझे बाह्यग्रह, त्यांची इंग्रजी नावं आणि आकडे चुकत-माकत उतरवलेले. आप्पांनी खरंच सगळं वाचायला घेतलं होतं. शेवटी लिहिलं होतं:

"लोलक हा मनुष्य कडक आहे. परंतु लिहितो स्वच्छ. एकही वाक्य वाकडे नाही. आपल्या पोरीने याच्यासारखे लिहावे. ती कोठे लिहिते ते अद्याप सापडले नाही."

सुनीलची बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून तशीच परत गेली.

सुरतला आल्यावर मी कित्येक आठवडे कॉम्प्युटर उघडला नाही. वर्गात मुलं उत्तर सांगू लागली की मला 'महोदय' ऐकू यायचं. भाजीवाल्याला सुटे देताना, रिक्षात, कुठेही. त्या ग्रहाचा प्रश्न तर पाठ सोडेना. आमच्या घरातील कोणी तेथे गेल्यास. ते कुणाबद्दल विचारत होते, हे मला आता कळत होतं.

शेवटी प्रकाशना थोडं सांगितलं. ते म्हणाले, "तुला कुठं ठाऊक होतं, की ते आप्पा आहेत?"

"नव्हतं."

"मग?"

"पण खाटलं ठाऊक होतं ना," मी म्हटलं. "ते खरं आहे, हे मला ठाऊक होतं."

एखाद्या परक्या माणसाला मी चुकून दुखावलं असतं तर माफी मागता आली असती. मी तर जे स्वतःच्या कानांनी, बापाच्या मांडीला टेकून ऐकलं होतं, तेच सफाईनं पुसलं होतं. आणि पुसताना मला बरं वाटलं होतं.

मग मी डिंडोलीत परत जाऊ लागले. आम्ही ती खोली सोडून बरीच वर्षं झाली होती. तिथली शाळा सुटायच्या वेळी नातवंडांना न्यायला आलेल्या बायकांना विचारायचं, "आक्का, सप्तर्षीले तुमना गावमा काय म्हनतस?" पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली. एक म्हातारी माझी नीटनेटकी साडी बघत म्हणाली, "बाई, तू आमनी शे का?" मी हो म्हटलं, आणि ती पायरीवर सरकून बसली. सगळ्यांनी खाटलंच सांगितलं. कुणी चोरांऐवजी पाहुणे म्हणालं, कुणी म्हातारीला नाव दिलं. मी गावं आणि नावं लिहून घेत गेले, आप्पांच्याच वहीत, त्यांच्या यादीच्या पुढे.

धुळ्याकडचे एक प्राध्यापक अहिराणी शब्दांचा संग्रह करत होते. त्यांना मी सगळं पाठवलं. पुस्तक छापून आलं, त्यात खाटलं आहे, आणि माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव आप्पांचं आहे. ज्ञानकोशात ते मी स्वतः घातलं नाही. सप्तर्षीच्या चर्चापानावर पुस्तकाचं नाव, पान दिलं आणि लिहिलं, "यातील माहिती देणारे माझे वडील होते आणि संकलनात माझा हात आहे, म्हणून इतरांनी पाहून ठरवावे. त्यांचा मजकूर पूर्वी मी काढला होता. ती माझी चूक होती." एका अनोळखी संपादकानं चार दिवसांनी वाक्य परत घातलं. शेवटी संदर्भाचा छोटा आकडा आहे. मी पाहिलं, आणि वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही.

लोक विचारतात, गावी जातेस की नाही. जाते. सुनीलनं घर नवं बांधलं आहे, टाकीवर आता आपोआप चालणारी मोटर आहे, मला पाहुणीसारखा वेगळा पलंग मिळतो. सुरतचा फ्लॅट माझा आहे, पण त्यालाही मी कधी घर म्हटलं नाही.

ज्ञानकोशात प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. कुणी काय घातलं, कुणी काढलं, कोणत्या वेळेला. तो कुणाला पुसता येत नाही, मलाही नाही. सप्तर्षीच्या इतिहासात आम्ही दोघं एकाखाली एक आहोत. पहिल्यांदा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आप्पांनी वाक्य घातलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लोलकनं ते काढलं. मधली वेळ निवडली की पान तेव्हा होतं तसं समोर उभं राहतं, वाक्यासकट, कुणी हात न लावलेलं. नऊ तास ते तसं होतं, आणि जगात कुणालाही ते वाचता येत होतं.

शाळेतून आले की मी त्या नऊ तासांत जाते. आप्पांनी नुकतंच लिहून संपवलेलं असतं, आणि मी अजून आलेली नसते.