गॅरेजमधला नागरिक

सकाळचे सहा वाजले की काकांच्या गॅरेजचं दार कमरेइतकं वर जायचं आणि आतून खणखणीत आवाज यायचा, "गुड मॉर्निंग. एक नागरिक बोलतोय." नाव ते कधीच सांगत नसत. त्रिनिदादमधल्या एका रेडिओवर रोज सकाळी लोकांचे फोन घेत, आणि आमचे काका टेक्सासमधल्या शुगर लँडहून, बनियन आणि हाफ पँटवर, इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभे राहून आपल्या देशाच्या सरकारला जाब विचारत. रेडिओवरचा निवेदक त्यांना आवाजावरून ओळखायचा. "बोला नागरिकसाहेब, आज कोणाचा नंबर?"

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. एसटीच्या डेपोतल्या मेकॅनिकची मी मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. काका तर माझ्याही आधी सांगत. शेजारचा कुणी लॉन कापताना दिसला तरी त्याला हाक मारून म्हणत, "ही इंजिनियर आहे. बापाने बसखाली झोपून शिकवलीय." ते स्वतः तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर म्हणून ह्यूस्टनला आले होते. बायको वारली, मुलंबाळं नव्हती. त्यांच्या पणजोबांना हिंदुस्थानातून जहाजात घालून त्रिनिदादला ऊस तोडायला नेलं होतं. "आणि मी येऊन पडलो कुठे, तर शुगर लँडमध्ये," ते हसत. "ऊस काही आमची पाठ सोडत नाही." मी पहिल्याच दिवशी त्यांना काका म्हटलं, तर ते चमकले. त्यांच्या बेटावरही काकाला काकाच म्हणतात. बोलायचे ते तिकडच्या सुरातलं इंग्रजी. मला मात्र ते मराठीतच आठवतं.

त्यांचा खास राग घरपट्टीवर. "माझा कराला विरोध नाही," ते फोनवर ठासून सांगत. "पण चोरांच्या भीतीने बहिणीने खिडक्यांना लोखंडी गज बसवले. तुमचा माणूस आला, गज मोजले आणि म्हणाला, घराची किंमत वाढली. म्हणजे भीतीवरही कर?" राजकारणाबद्दलचं त्यांचं मत असंच एका दमात सांगून व्हायचं. "आमच्याकडे पक्ष दोन. एक माझ्या बापाचा, एक शेजाऱ्याच्या बापाचा. दरोडेखोर दोन्ही घरांत शिरतो. मत कुणाला दिलंत, असं त्याने अजून कुणाला विचारलेलं नाही."

एकदा मी चिडवलं, "काका, कर भरता टेक्सासला आणि भांडता त्रिनिदादशी?"

"इथे मी पाहुणा. पाहुण्याने यजमानाच्या आमटीला नावं ठेवू नयेत. घरच्या आमटीला ठेवावीत."

मला ते पटलं. मी व्हिसावर. ऑफिसात राजकारण निघालं की कॉफी आणायला उठणारी.

त्यांची बहीण तारा त्यांच्या गावी छोटं किराणा दुकान चालवायची. तिने शटर ओढलं की काकांना फोन करायचा, हा नेम होता. पूर्वी ती आठला दुकान बंद करी. मग सहाला. मी राहायला आले तेव्हा चारला. तिकडे चार म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात तीन. फोन येईपर्यंत काका घरातल्या घरात फिरत राहत. फ्रीज उघडत, काही न घेता बंद करत. पाच मिनिटं उशीर झाला की म्हणत, "गिऱ्हाईक असेल." दहा झाली की फोनच हातात धरून बसत. फोन वाजला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कडी आतून लावलीस?"

मग तो मंगळवार आला. ताराने आदल्या दिवशी सांगितलं होतं की, दोन माणसं दुकानात आली, "इथे धंदा करायचा तर आमच्याशी बोलावं लागेल" म्हणाली आणि गेली. तिने पोलिसांना फोन केला, तर उत्तर मिळालं, गाडी मोकळी नाही. काका सकाळपर्यंत धुमसत होते. मी ऑफिसला निघताना गॅरेजमधून गेले तेव्हा ते रेडिओवर ओरडत होते, "पोलिसांना गाडी नाही, पण गुंडांना आहे! पांढरी गाडी, एक दार तपकिरी! बसथांब्यासमोर उभी होती! ती कुणाची, हे अख्ख्या गावाला माहीत आहे, मग पोलिसांनाच कसं नाही?"

मी अंगठा उंचावून दाद दिली. हो, मीच. मला वाटलं, वा काका, शाब्बास.

मी गाडी रिव्हर्सला टाकत होते, तोच काकांचा फोन वाजला. तारा होती. काकांनी स्पीकर बंदच केला नव्हता.

"भाई, ते तपकिरी दार तू कुठून पाहिलंस?"

काकांनी फोन तोंडाजवळ नेला.

"ते मी पाहिलं. माझ्या काउंटरमागून. तेव्हा दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं." आणि मग ओरडून नव्हे, अगदी हळू, "भाई, तू टेक्सासमध्ये आहेस रे."

काका इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे राहिले. त्या दिवशी मी ऑफिसला कळवून घरीच थांबले.

त्यानंतर ती गाडी रोज बसथांब्याशी येऊन उभी राहू लागली. कोणी उतरत नसे, काही बोलत नसे. तारा आता शटर अर्धंच उघडायची. काका म्हणाले, इकडे ये, तिकीट पाठवतो. ती म्हणाली, "आणि तिकडे काय करू? तुझ्या गॅरेजमध्ये बसून बडबडू?" काकांनी ते ऐकून घेतलं. एरवी ते कुणाचं एक ऐकून घेत नसत.

दोन आठवड्यांनी त्यांनी बॅग भरली. मी सरळच विचारलं, "काका, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. तिथे जाऊन करणार काय?"

"काउंटरवर बसेन. इतकी वर्षं मी तिथलाच असल्यासारखा बोलत होतो ना. आता असेन."

"ग्रीन कार्ड? वर्षाच्या आत परत यावं लागेल."

"बघू."

विमानतळापर्यंत पाऊण तास लागला. उतरताना मला दिसलं, त्यांना सीट बेल्ट सोडता येत नव्हता. बटणावरून बोट घसरत होतं. मी हात लांबवून सोडवला. "भीती वाटतेय, बेटी," ते म्हणाले, "पण गॅरेजमध्ये बसून वाटत होती ती जास्त होती."

त्याला आता चौदा महिने झाले. काका परतले नाहीत. घराची चावी माझ्याकडेच आहे. पांढरी गाडी अजून अधूनमधून येते. कधी आठवडाभर येत नाही, तेव्हा ताराला जास्त धास्ती वाटते म्हणे.

गेल्या महिन्यात गावाकडच्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की, शेजारच्या विधवा काकूंच्या प्लॉटवर एका दांडग्याने रातोरात पत्रे ठोकले. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले होते. माझं डोकं फिरलं. शिकलेली मी, घाबरायचं कुणाला? त्याचं नाव, त्याच्या पाठीराख्या नगरसेवकाचं नाव, सगळं सविस्तर लिहिलं. पाठवणार, तोच बोट थांबलं. काकूंच्या भिंतीला भिंत लागून बाबा एकटे राहतात. मी पोस्ट पुसायला निघाले, मग त्याआधी त्रिनिदादला फोन लावला.

काका म्हणाले, "पुसू नकोस. पाठवूही नकोस. आधी बापाला विचार. तिथे तो राहतो."

मी बाबांना फोन केला. पोस्ट वाचून दाखवली. मागे कुणीतरी मोटरसायकल थांबवल्याचा आवाज आला, तेव्हा ते खिडकीपासून आत सरकले असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम जवळ आला.

"कुणाकुणाची नावं घातलीयस?" त्यांनी विचारलं. "परत एकदा वाच. हळू."