उलटं स्वस्तिक

लिहिण्याचा माझा अधिकार नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

काल आमच्या गावात टावर चौकात पूजेच्या दुकानापाशी तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला आणि चार वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. बाबा इंदूरला दवाखान्यात होते, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. मला मात्र ॲडमिशनसाठी पुण्याला निघायचं होतं. आई मला चिंतामण गणपतीला घेऊन गेली. नवस बोलताना तिथे मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात आणि नवस फळला की सुलटं; तसं उलटं तिने शेंदराने काढलं.

"आई, मी नाही जात."

"देवावर सोडलंय ना? मग आता सोचत नको बसू. चल, गाडी सुटेल. आणि तिकडे आपल्या इकडच्या पोह्यांसाठी रडू नकोस!"

मी हसलो आणि निघालो. तेव्हा वाटलं, आईची श्रद्धा किती पक्की! आज आठवतं, स्वस्तिकाची एकच रेघ तिने तीनदा गिरवली होती. ती घाबरली होती, तरीही तिने मला पुढे पाठवलं.

पुण्यात ॲडमिशन झाली, त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. बाबा आदल्या दिवशी ऑपरेशनच्या वेळीच गेले होते. ॲडमिशन होईपर्यंत मला कळवायचं नाही, असं आईने सगळ्यांना बजावलं होतं, आणि बाबांना अग्नी तिनेच दिला होता.