काल्याचं कीर्तन लांबलं

कुकटपल्लीच्या पंप कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हिम्मतरावचं अर्धं आयुष्य तिथल्या लेथ मशिनीवर गेलं होतं. गडी मूळचा देगलूरकडचा. बोलणं तिकडचंच राहिलं, फक्त त्यात मधूनमधून इथल्या दखनी बोलीतले 'हौ' आन् 'नक्को' शिरले. सरकारच्या नव्या धोरणानं बाहेरचे पंप स्वस्तात यायला लागले, तसे ह्या मालकाचे पंप गोदामात पडून राहिले. त्याच वेळी शेजारी संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती उठल्या. पंपापेक्षा पंपाखालची जमीन लई मोलाची आहे, हे मालकाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

त्याला मशिनी उचलून न्यायच्या होत्या. कामगारांना त्या आतच ठेवायच्या होत्या. कोर्टात दावा चालू होता आन् वकिलानं बजावून ठेवलं होतं, "मशिनी आत आहेत तोवर कारखाना बंद आहे, मेलेला नाही. मशिनी गेल्या की भांडायला काय उरलं?"

म्हणून रातंदिवस गेट राखायचं. पण नुसतं बसलं की पोलीस उठवून लावत. त्यावर तोड काढली केशव महाराजांनी. महाराज शहरातल्या बरकतपुऱ्यात राहायचे, वारकरी कीर्तनकार. त्यांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगेत हिम्मतराव किती तरी वर्षं उभा राहत आला होता. महाराज म्हणाले, "धरणं धरू नका. देवाचं नाव घ्या. कीर्तनावर कोण लाठी उगारतो ते बघू."

आन् ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कामगारांत मुसलमान होते, तेलुगू ख्रिस्ती होते. महाराज स्वतः मौलाना बुरहानुद्दीन साहेबांच्या दारात गेले, पास्टर देवदानमच्या दारात गेले. गुरुवारी गेटवर कीर्तन, शुक्रवारी नमाज, रविवारी प्रार्थना. मधल्या दिवशी ज्याला जमेल त्यानं भजन नाही तर पठण. दंगलींची धग अजून विझली नव्हती, अशा दिवसांत हे घडलं. इन्स्पेक्टर यायचा, टोपी काढून उभा राहायचा आन् प्रसाद खाऊन निघून जायचा.

हिम्मतरावची बायको तारामती टोमणा मारायची, "पगार येत व्हता तवा घरात एक देव नीट पुजला न्हाई. आता टाळं लागलं आन् तीन-तीन देव मिळाले तुमाला."

"त्याच तिघांनी गेट धरलंय, तारे," तो म्हणायचा.

महाराजांवर त्याचा जीव होता. त्यांनी दिवसाला रात म्हटलं असतं, तर त्यानं कंदील लावला असता.

त्या वर्षी महाराजांनी नारायणगुड्याच्या एका हॉलात सप्ताह मांडला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आन् जेवण. ते हिम्मतरावला म्हणाले, "समद्यांना आण. मौलानांना, पास्टरांना, त्यांच्या माणसांना. एका पंगतीत बसू दे की लोकांना."

"आन् गेट, महाराज?"

"यादगिरी हाय की वॉचमन. एका दुपारचा तर सवाल. देवाच्या कामाला गेलो तर देव राखायचा न्हाई व्हय?"

हिम्मतराव घरोघर फिरला. पास्टर देवदानम जरा कचरला. "गेट खाली छोडना ठीक है क्या, हिम्मतन्ना?"

"ते माझ्यावर सोडा," हिम्मतराव म्हणाला.

काल्याच्या कीर्तनाची रीत अशी, की एकदा कीर्तन उभं राहिलं की हंडी फुटून दही-लाह्यांचा काला हातावर पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. टाळकऱ्यानं तर नाहीच नाही. रांग मोडली की कीर्तन मोडलं. मौलाना मागं खुर्चीवर बसले होते, पास्टर त्यांच्याशेजारी.

कीर्तन अखेरीला आलं. हंडी वर बांधलेली, महाराजांनी काठी हातात घेतलेली. तेवढ्यात यादगिरी रिक्षातून उतरून धापा टाकत आत शिरला. तंगडं ओढत थेट टाळकऱ्यांजवळ आला.

"अन्ना, लाऱ्या आ गए! क्रेन लाए! मेरेकू बाहर ढकल दिए!"

टाळांच्या आवाजातही ते रांगेतल्या चौघांना ऐकू गेलं. महाराज हातभर अंतरावर होते. त्यांनी यादगिरीकडं बघितलं, मग हिम्मतरावकडं. आता काठी हंडीवर पडणार, दोन घटकांत काला वाटला जाणार आन् सगळी माणसं घेऊन पळायचं, असं हिम्मतरावनं मनात धरलं.

महाराजांनी काठी खाली ठेवली.

आन् गोपाळांच्या शिदोऱ्यांचं आख्यान पुन्हा धरलं. जे सांगून संपलं होतं तेच. हिम्मतरावला महाराजांचं कीर्तन पाठ होतं. कुठं ते श्वास घेतात, कुठं हशा काढतात, कुठं आवरतात, सगळं. ह्या जागेवरून ते कधीच मागं वळले नव्हते. एकेका गोपाळाचं गाठोडं सोडून दाखवू लागले, कुणाच्या भाकरीवर काय होतं ते सांगू लागले. लोक हसत होते. हिम्मतरावचे हात टाळ वाजवत होते आन् नजर दाराकडं लागली होती.

यादगिरी मागं मौलानांकडं गेला. मौलाना अर्धवट उठले, थबकले. दुसऱ्याच्या इबादतीतून उठून गेलो तर उद्या लोक काय अर्थ काढतील, हे भ्या त्यांच्या तोंडावर साफ दिसत होतं. त्यांनी हिम्मतरावकडं बघितलं. हिम्मतरावनं महाराजांकडं बघितलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले आन् चाल वरच्या पट्टीत नेली.

तेव्हा हिम्मतरावला कळलं. पाय मात्र लगेच हलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय, पाय रुतून बसले. आख्यान आणखी एका गोपाळावर गेलं तेव्हा कुठं त्यानं टाळ गळ्यातून काढले, जमिनीवर ठेवले आन् रांग मोडून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग मौलाना निघाले, पास्टर निघाला, कामगार निघाले. बाया ओरडल्या, "अहो, काला न घेता कुठं?"

कुकटपल्लीला पोचले तर गेट सताड उघडं. त्याचं लेथ जिथं होतं, तिथं कापलेले बोल्ट आन् तेलाचा काळा डाग. मौलाना तिथंच उकिडवे बसले. म्हणाले, "हम तो तुम्हारे बुलावे पे गए थे, हिम्मतभाई." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो बरकतपुऱ्याला गेला. महाराजांनी काही लपवलं नाही. त्याचाच त्याला जास्त राग आला.

"पोलिसांचा मोठा ताफा येणार व्हता, हिम्मता. डोकी फुटली असती. मी मालकाशी बोललो. म्हटलं, माणसं मी हलवतो, रक्त सांडू नका. आन् मोकळं न्हाई सोडलं त्याला. नव्या इमारतींच्या कोपऱ्यात मंदिर, मशीद, चर्च, तिघांना जागा लिहून घेतली."

"डोकी आमची व्हती, महाराज. फोडून घ्यायची का न्हाई, ते आमाला इचारायचं व्हतं."

"तू ऐकलं असतंस?"

"न्हाई."

"मग?"

"मग मी न्हाई म्हनलो असतो, म्हनून इचारलं न्हाई व्हय तुमी?"

मशिदीच्या जागेचं कळल्यावर मौलाना एवढंच म्हणाले, "मजदूरों की छीनी हुई जमीन पे? नक्को." पास्टरनंही नाकारली. मंदिर तेवढं उभं राहिलं, संगमरवराचं.

दावा निकालात निघाला. माणसं पांगली. हिम्मतराव बालानगरच्या एका शेडमध्ये दुसऱ्याच्या लेथवर रोजानं जायला लागला. तिथं कुणी त्याला कामापलीकडं विचारत नव्हतं, आन् त्यालाही तेच बरं वाटायचं.

पुढं एकदा काचीगुड्याला नात्यातल्या लग्नात महाराज समोर आले. वारकऱ्यांत लहानमोठा बघत नाहीत. माळकरी भेटला की दोघंही वाकून एकमेकांच्या पायाला हात लावतात. महाराज आता थकले होते. "राम कृष्ण हरी, हिम्मता," म्हणाले आन् कंबर धरत सावकाश वाकले. त्यांची बोटं त्याच्या पायाला लागली.

शेजारून तारामतीनं त्याला कोपरानं डिवचलं. "अहो, वाका की. लोक बघायलेत."

"बघू दे," हिम्मतराव म्हणाला आन् तसाच ताठ उभा राहिला.