भिंतीतली दोन भोकं

ही गोष्ट मी सुनंदाला, माझ्या बायकोला, कधी सांगितली नाही. जी तिला सांगितली नाही ती दुसऱ्या कुणाला कशी सांगणार? आज बोलतोय — मध्येच अडखळलो तर थांबा थोडं.

जामखेडजवळच्या गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. भिंतीत स्क्रू बसवणं हा माझ्या हातचा मळ. हे आधीच सांगतो, कारण येत नव्हतं म्हणून काम राहिलं, असं नव्हतं.

भूकंपात घर कसं सांभाळायचं ते शिकायला सुनंदा बचत गटाच्या बायकांबरोबर तालुक्याला गेली होती. आली ती घर हलवायलाच लागली. फळीवरची पितळी पातेली खाली काढली. निजताना गॅस सिलिंडरचा कॉक बंद करायची सवय आम्हाला लावली. आईचा पलंग खिडकीखाली होता. काच फुटली तर अंगावर येईल, म्हणून तो हलवायचा. पण दुसरी जागा एकच — लोखंडी कपाटाशेजारी. आणि ते कपाट एका पायानं डुगडुगायचं.

"आधी कपाट भित्तीला पक्कं करा," ती म्हणाली. "मग पलंग लावते."

मी हो म्हणालो. मनात मात्र हसत होतो. आपल्याकडं कुठला आलाय भूकंप? तिनं परत विचारलं. परत हो. एकदा जेवताना पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा वैतागून म्हणालो, "केलं की! किती डोकं खाशील?"

तिनं कपाट हलवून बघितलं नाही. का बघेल? नवऱ्यानं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिनं आईचा पलंग कपाटाशेजारी लावला.

पुढं एका दुपारी धक्का बसला. फार मोठा नव्हता, गावात एक भिंतही पडली नाही. दुकानातून धावत घरी आलो तर सुनंदा एकटीच कपाट उचलू बघत होती. कपाट पलंगावर आडवं, खाली आईची मांडी. आई ओरडतसुद्धा नव्हती — नुसती माझ्याकडं बघत होती.

जीपमधून तिला नगरला नेलं. हाड मोडलेलं. सुनंदा तिच्याजवळ थांबली, मी कपडे न्यायला घरी आलो. आणि इथं — इथं मला थांबावंसं वाटतं.

शेजाऱ्यांनी कपाट उभं करून ठेवलं होतं. मागची भिंत कोरी. मी दुकानातून ड्रिल मशीन आणलं. भिंतीत दोन भोकं पाडली, कडा उकरून ती मोठी केली. कपाटाच्या पाठीलाही दोन. दोन स्क्रू वाकवून खाली टाकले. मग हात धुतले आणि आईची लुगडी पिशवीत भरली.

सुनंदा घरी आली तेव्हा भिंतीकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमी बसवलं हुतं, भित्तीनंच धरलं न्हाई. पर पलंग तितं मीच लावला ना."

"जाऊ दे," मी म्हणालो. जाऊ दे! जणू मीच तिची चूक पदरात घेत होतो.

आई पुन्हा चालली नाही. भेटायला येईल त्याला सांगायची, "सुनंनं कपाटाखाली निजवलं मला." त्याच सुनेनं तिचं सगळं अंथरुणात केलं — अंघोळ, हगणंमुतणं, वेणीफणी. आई तिच्याशी धड बोलायची नाही. माझ्या हातचं पाणी मात्र कौतुकानं प्यायची. मी पाजायचो.

शेवटी शेवटी आई फार थकली. एका सकाळी सुनंदानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. "आत्या, चुकलं माझं. मला माफ करा." आईनं बऱ्याच वेळानं हात उचलला, तिच्या केसांवर ठेवला. "असू दे, पोरी," म्हणाली.

मी पलंगाशीच उभा होतो. खरं बोललो असतो तर दोघींनाही ऐकू गेलं असतं, इतका जवळ.

आई गेली. सुनंदा अजून ती चूक आपलीच धरून चालते. मी धरू दिली आहे.