शांततेची मागणी मागे घेताना

मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांचं सांगणं सरळ होतं. आधी मागणी, मग ती कोणाकडे, मग नाही मिळाली तर आपण काय करणार. आभार कुठं लिहायचे ते त्यांनी सांगितलं नाही, कारण आभार मानावेत असं आमच्याशी फारसं कोणी वागत नाही. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. पण काही लोकांचं देणं लागते, आणि ते पत्रकात बसत नाही.

लिंबायतला आमच्या मागच्या गल्लीत एक गेमिंग पार्लर आहे. जागा मूळची लूमच्या खात्याची. खातं म्हणजे आमच्याकडे यंत्रमागांचा कारखाना. माग गेले, फरशीवर तेलाचे डाग राहिले, वरचा पत्रा तोच आहे. आता भिंतींवर मोठे स्क्रीन आहेत आणि माझी धाकटी बहीण कॉलेजातून आली की दप्तर टाकून तिथं पळते, फुटबॉल खेळायला. स्क्रीनवरचा फुटबॉल. हातात कंट्रोलर धरायचा आणि अंगठ्यांनी अख्खा संघ पळवायचा.

या वर्षी शहरातल्या पार्लरांची जोड्यांची स्पर्धा झाली. दोघांनी मिळून एकच संघ चालवायचा, असा प्रकार. बहीण आणि आमचा मामेभाऊ अशी जोडी होती. तो एम्ब्रॉयडरी मशीनवर कामाला जातो. दोघं फायनलला पोचले. समोर शहरातल्याच कतारगाम भागातले दोन सख्खे भाऊ, घरात पिढीजात हिरेघासणी. जिंकणारी जोडी अहमदाबादला खेळायला जाणार होती.

अहमदाबादचं बहिणीच्या मनात किती आहे ते ती एकदाच बोलली, भाकरी मोडता मोडता. "ताई, लग्न नाहीतर मयत सोडून आपल्याला कोण कुठं बोलावतं गं? मला एकदा जायचंय, माझं नाव घेऊन बोलावलंय अशा ठिकाणी." मी नुसती हं म्हणाले. पण तेव्हापासून तो सामना माझा झाला.

पार्लरच्या काचेच्या दारावर प्रत्येक सामन्याआधी एक कागद लागतो. दोन्ही संघ कसे आहेत, कोण कसं खेळेल, याचा. तो पार्लरवाले काका लिहायचे आणि दर वेळी तेच लिहायचे, दोन्ही टीम मजबूत आहेत, मजा येईल. ही ओळ वाचून माझं डोकं फिरायचं. ज्या वाक्यात कोणाची बाजू नाही ते वाक्य कागद फुकट घालवतं. मी काकांना म्हटलं, फायनलचा कागद मी लिहिणार. ते म्हणाले, "लखो ने बेन, कोण ना पाडे छे?" म्हणजे नको कोण म्हणतंय.

पण कागदाआधी मी दुसरंच लिहून बसले.

झालं असं, की सेमीफायनलला आमच्या जोडीनं एक गोल फुकट खाल्ला होता. बघ्यांचा गोंगाट, दारात रिक्षांचे हॉर्न, शेजारची मशीनं. बहीण ओरडली, "मागे ये, मागे", आणि मामेभावाला ते ऐकूच गेलं नाही. हेडफोन चौघांना पुरतील एवढे नव्हते, म्हणून कोणालाच नव्हते. मी तडक घरी येऊन निवेदन लिहिलं. अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी शांत बसावं, स्पीकर बंद ठेवावा, दार लावून घ्यावं. गल्लीतल्या पोरापोरींच्या सह्या घेतल्या. आवाज हा माझा जुना विषय आहे. आमचे वडील, आप्पा, जन्मभर लूमवर उभे राहिले आणि त्यांचे कान तिथंच राहिले. खात्यात आवाज कमी करा, कानांना संरक्षण द्या, यासाठी मी किती पत्रकं वाटलीत त्याचा हिशोब नाही. एकाही मालकानं त्यातलं एक अक्षर मानलं नाही.

काकांनी निवेदन वाचलं, मान हलवली आणि सगळं मान्य करून टाकलं. त्याच संध्याकाळी भिंतीवर पाटी लागली, फायनलमध्ये बोलायचं नाही. मला काय करावं सुचेना. मागणी पहिल्या झटक्यात मंजूर झाल्यावर माणूस काय करतो, ते मला माहीतच नव्हतं. मी चहा पिऊन घरी आले. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं.

मग कागद लिहायला बसले. काकांनी कतारगामच्या भावांच्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर पाठवले होते. ते मी कान देऊन पाहिले. खेळ देखणा होता, खोटं कशाला बोलू. चेंडू मधल्या फळीत ठेवायचा, घाई नाही, समोरच्याला पुढं येऊ द्यायचं आणि तो पुढं आला की त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पास. पास देतो मोठा भाऊ, पळतो धाकटा. आणि प्रत्येक पासच्या आधी मोठा हळूच म्हणतो, "जा." तो जा म्हणाला की धाकटा सुटतो. नाही म्हणाला तर उभाच. एका सामन्यात शेजारी जनरेटर सुरू झाला होता. तेवढा वेळ दोघं नुसते आडवे पास देत राहिले, पुढं एक पाऊल नाही.

मी लिहिलं: यांच्या बचावाच्या उजव्या कोपऱ्यात जागा सुटते, कारण तिथला खेळाडू हल्ल्याला पुढं जातो आणि परतायला उशीर करतो. आमच्या जोडीनं त्या कोपऱ्यातून आत यावं आणि मागं वळवून पास द्यावा. आमची अडचण मधल्या फळीत आहे, मामेभाऊ अधीर होऊन चेंडू हिसकायला धावतो आणि मागं भगदाड पडतं. त्याखाली लिहिलं: कतारगामचा खेळ कानावर चालतो.

एवढं लिहून मी पेन ठेवला. समोर आप्पांचा टीव्ही ढणाढणा चालू होता, त्यांना तेवढाच ऐकू येतो. आई दाराशी बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती, दोन्ही हात डिंकाचे. बहीण गॅसपाशी, पीठ मळत. आईनं मान वर न करता हनुवटी डावीकडे केली. बहिणीनं डावीकडचा डबा कोपरानं पुढं सरकवला. आईनं एक खांदा उडवला, म्हणजे तो नको. बहिणीनं भुवया वर केल्या, मग कोणता? आईनं हनुवटी खाली केली. बहीण वाकली आणि खालचा डबा काढला. एक शब्द नाही, आणि दोघींचे डोळे आपापल्या हातांवर.

हे मी जन्मल्यापासून बघते. खात्यात बोललेलं ऐकू येत नाही आणि हात धाग्यात गुंतलेले असतात, म्हणून कारीगर हनुवटीनं, खांद्यानं, कोपरानं बोलतात. डोळे कापडावर आणि लक्ष डोळ्याच्या कडेला. आई-आप्पा एकाच खात्यात होते. ती बोली घरी आली आणि आम्ही पोरं तिच्यातच वाढलो. मामाच्या घरीही तेच. मी तिला कधी काही समजलेच नाही. ती म्हणजे लूमनं घरात सोडलेला आजार, असंच मला वाटायचं. आणि तिकडे माझी बहीण कंट्रोलरमध्ये दोन्ही हात अडकलेले असताना शेजारच्या मामेभावाला "मागे ये, मागे" असं तोंडानं ओरडत होती.

"अगं," मी तिला म्हटलं, "त्याला हनुवटीनं का नाही सांगत?"

तिनं पिठाचे हात तसेच धरले. "घरचं ते. तिथं चारचौघांत कसं करायचं?" मग थांबली. हसली. "ताई, ते कळेल की त्याला."

"आणि ते दोघं भाऊ गोंगाटात..."

"गोंगाट कुठला आलाय? तूच तर बंद केलास."

आई न बघता म्हणाली, "काय व्हयनं व?" काय झालं, तर तुमच्या मोठ्या लेकीनं पहिल्यांदाच एक मागणी जिंकली आणि ती समोरच्या संघाची निघाली.

दुसऱ्या दिवशी मी पार्लरवर गेले. जाताना स्वतःला विचारलं, हे बरोबर आहे का? आवाज दोघांना सारखाच असणार होता आणि स्पर्धेच्या नियमात शांतता कुठंच नव्हती, ती मी घुसवली होती. एवढ्यावर मनाची समजूत पटली. पण काकांसमोर तोंड उघडणं कठीण होतं.

"काका, ते निवेदन. मागे घेते."

"काय?"

"शांततेचं. लोकांना ओरडू द्या. दार उघडं ठेवा."

त्यांनी चष्मा काढला. "बेन, तमे ज लखी आप्युं हतुं ने? सही के साथ?" म्हणजे तुम्हीच तर लिहून दिलं होतं. मग आत ओरडून सगळ्यांना सांगितलं, "सुनो, मागणी वापस लेने आए हैं. मेरी जिंदगी में पहली बार." पोरं खिदळली. एक म्हणाला, "दीदी, अब पेट्रोल का भाव बढ़वाओ." मी ऐकून घेतलं. काकांनी पाटी उतरवली, एका शब्दानं विचारलं नाही का म्हणून. ते विचारते तर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं सांगितलं असतं तर सगळं पार्लर जाणतं झालं असतं. त्यांचं हे न विचारणं मी विसरणार नाही.

कागदाचं मात्र अवघड झालं. पत्रकात आपण काही लपवत नाही, असं मला शिकवलंय. बहीण म्हणाली, "कान-बिन काही लिहिलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. हनुवटीनंसुद्धा." शेवटी उजवा कोपरा ठेवला, मामेभावाचा अधीरपणाही ठेवला, आणि कानाची ओळ खोडली. कागद दारावर लागला. मामेभाऊ वाचून म्हणाला, "माझी एवढी इज्जत काढलीस, आता गावजेवण घाल."

फायनलला पत्रा हलेल एवढा गलका होता. आप्पा येऊन पुढच्या बाकावर बसले, स्क्रीनकडे कमी आणि लेकीकडे जास्त बघत. भाऊ खरंच चांगले खेळले. पहिला गोल त्यांचाच, लोकांचा आवाज चढायच्या आत. मग आवाज चढला. मोठा भाऊ जा म्हणत होता, ओठ दिसत होते, धाकटा कान त्याच्याकडे वाकवत होता आणि वाकवता वाकवता चेंडू जात होता. आमच्या जोडीनं कोपऱ्यातून एक फेडला. मामेभाऊ पुन्हा एकदा हिसकायला निघाला, तोच बहिणीचा खांदा उडाला आणि तो जागेवर थांबला.

शेवटाकडे चेंडू बहिणीकडे होता. तिनं हनुवटी उजवीकडे केली, एवढीशी. मामेभावाचा खेळाडू अजून निघालाही नव्हता आणि आप्पा बाकावरून उठून उभे राहिले. मागचे ओरडले, "चाचा, बैठो." आप्पांना काय ऐकू जाणार? त्यांनी निरोप वाचला होता. मग खेळाडू सुटला, पास गेला, गोल झाला, आणि तोवर सगळं पार्लर उभं होतं.

आप्पांचे कान गेले ते गेलेच. त्याचं कौतुक मी करणार नाही आणि खात्यांविरुद्धची पत्रकंही थांबवणार नाही. पण त्या आवाजात ज्यांनी एकमेकांशी बोलायचं सोडलं नाही, त्यांच्या घरात मी जन्मले, याबद्दल मी कोणाकडे काही न मागता हे लिहिते आहे.

कतारगामचे भाऊ उठून आले, मामेभावाच्या पाठीवर थाप मारली, बहिणीला नमस्कार केला. काकांनी माइकवर तिचं पूर्ण नाव घेतलं आणि अहमदाबादला बोलावणं आहे असं जाहीर केलं. तिनं ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

घरी परतल्यावर पायरीपाशी आप्पांनी मला थांबवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तठे बी इतला गलका राही का?" तिथंही एवढा आवाज असेल का, नसला तर पोरांचं कसं व्हायचं, याची त्यांना काळजी होती.

मी हनुवटी वर करून सांगितलं, निवेदन देते.