ब्रेकवरचा पाय

गल्लीत सगळे त्याला ‘हुंगे’ म्हणत. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गाडी समोर आली की हा गृहस्थ आधी तिचा धूर हुंगायचा, मग इंजिनाचे प्लग काढून तेही हुंगायचा आणि त्यानंतरच मालकाकडे वळायचा. “माझ्याकडे कधी इतक्या आस्थेनं पाहिलं नाही,” असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत असे.

तीन भिंती आणि वर पत्रा एवढंच त्याचं गॅरेज, पण तिथे त्याचा एक कडक नियम होता. बॉनेट उघडं असताना गाडीत कुणी बसायचं नाही. पूर्वी एका उत्साही माणसाने आत बसून किल्ली फिरवली आणि पंख्याने हुंगेच्या तर्जनीचं टोक नेलं. तेव्हापासून गाडीवाला कितीही मोठा असो, त्याची जागा बाहेरच्या स्टुलावर.

बायकोने पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. तिची थोरली बहीण नदीपलीकडे राहायची, तिचे गुडघे गेलेले, आणि तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. “मी सोडतो की,” असं हुंगे लग्नापासून म्हणत आला होता. सोडायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही. शेवटी तिने परस्पर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

स्कूलची ती जुनी गाडी हुंगेकडेच दुरुस्तीला असायची. इतर सगळे शिकाऊ ती चालवत. बायको बसली की मात्र प्रत्येक थांब्यावर इंजिन आचके देऊन बंद पडे.

“वहिनी, क्लच हळू सोडा,” असं शिकवणारे सर म्हणत.

“अहो, अजून सोडलाच नाही!”

त्यावर सर फक्त मान हलवत. तिने घरी हे सांगितलं तेव्हा हुंगे म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे. दुरुस्ती तुझ्या पायाची करायला हवी.”

ती हसली नाही. ताटं आवरता आवरता म्हणाली, “उद्याचा तास झाला की सरांना सांगून टाकते. माझ्याच्यानं नाही व्हायचं. लोक मागून हॉर्न मारतात, सर कपाळावर हात मारतात, आणि तुम्ही इथे जोक मारता.”

हुंगेला वाईट तर वाटलंच, पण डोक्यात एक किडाही वळवळू लागला. आत कोण बसलंय हे गाडीला कळतं कसं?

सकाळी तिचा तास संपताच त्याने सरांकडून गाडी मागून घेतली. गरम प्लग काढून पाहिले. ते बिस्किटाच्या रंगाचे असायला हवेत, पण हे पांढरट आणि कोरडे होते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. एक तर पेट्रोल अडत होतं, नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरत होती. त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. प्लग बसवून इंजिन चालू केलं आणि पाइपांच्या एकेका जोडावर स्प्रे मारला. जिथे फट असेल तिथे स्प्रे आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. पण इंजिन एका सुरात घुमत राहिलं, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखं.

“काय गं बाई, तुझं दुखणं तरी काय?” तो इंजिनाला म्हणाला.

“मला विचारताय?” मागे बायको डबा घेऊन उभी होती. स्टुलावर टायर ठेवलेला. ती वैतागलेलीच होती. नियमबियम गेला उडत म्हणत तिने दार उघडलं आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

इंजिन थरथरलं. आचके देऊ लागलं.

“कोण बसलंय आत?” हुंगे ओरडला.

ती दचकली, पाय काढला, आणि इंजिन पुन्हा शांत घुमू लागलं. हुंगे पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“काय केलंस?”

“काही नाही केलं! सवयीनं ब्रेकवर पाय गेला.”

“परत दाब.”

“आधी ओरडता काय…”

“दाब गं!”

तिने दाबला. इंजिन अडखळलं. हुंगेने खिडकीतून डोकं आत घातलं. पेडलच्या मागून फुस्स असा आवाज येत होता. ब्रेक हलका करणारा जो गोल डबा असतो, तो बूस्टर फाटला होता. ब्रेक दाबला की तिथून हवा थेट इंजिनात शिरायची आणि पेट्रोलचं मिश्रण पातळ व्हायचं. हुंगेने बॉनेटकडे येऊन बूस्टरचा पाइप चिमटीत घट्ट दाबला. ब्रेक दाबलेला असूनही इंजिन सुरळीत झालं.

“ब्रेक जड लागतो असं मी सरांना पहिल्या दिवसापासून सांगतेय,” ती म्हणाली.

“पण बाकीच्यांच्या हातून बंद का पडत नाही?”

“ते थांबले की हँडब्रेक ओढतात, आणि पाय काढतात. सर तसंच शिकवतात.”

“मग तू का नाही ओढत?”

“ओढेन कशी? अमक्याच्या हँडब्रेकची तार तुटली, तमक्याची गाडी घरंगळली, असं रोज जेवताना कोण सांगतं? मी आपली ब्रेकवर जोर देऊन बसते.”

हुंगेला हसू आवरेना. इतकी वर्षं तो एकटा बॉनेटसमोर उभा राहून इंजिनं ऐकत होता. आत कुणाला बसूच द्यायचं नाही, मग ब्रेकवर पाय येणार कुठून?

नवा बूस्टर बसवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. तो गाडी जरा फिरवून आला, प्लग पुन्हा काढले, हुंगले. रंग बिस्किटासारखा झाला होता.

“चल,” तो म्हणाला, “बहिणीकडे. सरांना विचारलंय. तू चालव, मी शेजारी बसतो. आणि मी एक अक्षर बोलणार नाही.”

“बघू किती वेळ टिकतंय.”

पहिल्या सिग्नलला तिने ब्रेक दाबून धरला. इंजिन घुमत राहिलं. दुसऱ्यालाही तसंच. पुलाच्या चढावर रांग लागली. पुढची गाडी सरकली आणि हिने घाईघाईत क्लच सोडला. धाडकन गचका बसला, इंजिन बंद. मागून हॉर्न वाजला.

हुंगेने तोंड उघडलं.

“गप्प बसा,” ती किल्ली फिरवत म्हणाली. “ही चूक माझी आहे.”

इंजिन चालू झालं. तिने क्लच सावकाश सोडला आणि गाडी चढ चढू लागली.