तात्यांच्या भिंतीला भोक

तीन बिऱ्हाडं एकाच न्हाणीघरात आंघोळ करायला लागली की किस्से साठायला वेळ लागत नाही. परवा नवीन पनवेलहून नातवाचा फोन आला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅसचा गिझर आहे आणि त्याचा पाइप बाहेर काढायला घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही! "गिझर बंद ठेव, मी येतो," एवढं बोलून मी फोन ठेवला. मग दिवसभर मला तात्यांशिवाय दुसरं काही सुचेना.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नवीन पनवेलच्या जागी तेव्हा भातशेती होती. मी कचेरीत कारकून, लग्न नवीन. जुन्या पनवेलात तात्यांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. शेजारी गणिताचे मास्तर, एकटेच. पलीकडे खुद्द तात्या, विधुर घरमालक. सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर आणि त्यात तात्यांचा तांब्याचा बंब.

न्हाणीघराची खिडकी टांगा स्टँडवर उघडायची, म्हणून तात्यांनी तिला पत्रा ठोकलेला. कौलांतून धूर गेला असता, पण सरपण ठेवायला मध्ये फळ्यांचा माळा घातलेला! पहिल्याच दिवशी मी डोळे चोळत विचारलं, "तात्या, धूर जातो कुठून?"

"दारातून! तुम्ही बाहेर आलात की तोही येतो."

*

बेलपाड्याची बायजा आमच्याकडे लाकडं टाकायची. एकदा मोळी घेऊन ती थेट न्हाणीघरात गेली आणि खोकत, पदरानं नाक पुसत उलट्या पावली बाहेर आली.

"तात्या, आमी उनात मासली सुकवतो. तुमी तं धुरात मानसं सुकवता!"

तात्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून लाकूड बंद. कोळसा जाळा. धूर नको ना तुम्हाला?"

धूर खरंच गेला. आम्ही खूष!

*

आठवड्याभरात सुमन, म्हणजे माझी बायको, आंघोळ करून बाहेर आली आणि उंबऱ्यातच कोसळली. सातवा महिना चालू होता. तोंडावर पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले. कडी काढायला तिला आणखी थोडा उशीर झाला असता तर?

मी पत्र्याचं काम करणाऱ्या उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी न्हाणीघरात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"साहेब, धूर दिसतो ही त्याची मेहरबानी समजा. कोळशाचा गॅस दिसत नाही. नळकांडं बाहेर काढल्याशिवाय इथं भाभींना पाठवू नका."

नळकांडं त्यांनी दोन दिवसांत करून आणलं. पण तात्या भिंतीला पाठ लावून उभे!

"माझ्या भिंतीला काय, खिडकीच्या पत्र्यालाही भोक पडणार नाही. शेजारीच माझे देव आहेत!"

नळकांडं ओसरीच्या कोपऱ्यात पडून राहिलं. बंब अंगणात मांडू म्हटलं, तर तो चोरीला जाईल. खोलीत चूल मांडायला मनाई. स्टोवर बादलीभर पाणी तापेपर्यंत कचेरी उघडायची.

*

मग मी नियम काढला. आत जाईल त्यानं सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की दार तोडायचं!

सुमननं या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. "परवा सांगितलेली तूरडाळ आज तरी आणा. तुमच्या बहिणीनं मला काय म्हटलं ते सांगू का?" सगळं घर ऐकायचं. पण ती बोलतेय यातच मला बरं वाटायचं. ती गप्प झाली की मी दारावर थाप मारायचो, "बोल काहीतरी!"

मास्तर पाढे म्हणायचे. एकदा एकोणतीसच्या पाढ्यात आवाज थांबला. मी धावत जाऊन दाराला खांदा लावला.

"अहो, थांबा! एकोणतीस सक किती ते आठवतोय!"

गणिताचे मास्तर! महिनाभर आम्ही त्यांना सुखानं जगू दिलं नाही.

*

या नियमातून तात्या तेवढे सुटले होते. मुंज झाल्यापासून त्यांचा नेम होता, उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. ते सगळ्यांच्या आधी, बंब नुकता पेटवलेला असताना आंघोळ उरकायचे. पण त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. ते उशिरा, कोळसे चांगले रसरसल्यावर आत गेले.

मी अंगणात येरझारा घालत होतो. पाण्याचा आवाज थांबला. मी हाक मारली. उत्तर नाही. मी मास्तरांकडे पाहिलं.

"मौन आहे हो त्यांचं! पूजा व्हायचीय अजून."

मला काही राहवेना. मी दार तोडलं! तात्या पाटावर बसलेले, अंगाला साबण, हातात तांब्या तसाच धरलेला, डोळे उघडे. मी खांदा हलवला तरी शब्द नाही. दोघांनी उचलून त्यांना अंगणात आणलं, पंचा गुंडाळला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि भिंतीला धरत धरत ते पूजेला गेले.

"आता खोली गेली तुमची," मास्तर म्हणाले. सुमन भांडी गोळा करायला लागली. आत घंटा वाजली, आरती झाली. तात्या बाहेर आले ते हातात पहार घेऊन! ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"कुठं पाडायचं भोक?"

त्याच दिवशी उस्मानभाईंनी नळकांडं भिंतीतून बाहेर काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात पुन्हा लाकडं घातली होती, आणि नळकांड्यातून कौलांच्या वर धूर निघालेला पाहून मी निवांत दात घासत होतो. तात्या माझ्यासमोरून आंघोळीला गेले. पूजा व्हायची होती. आतून कडी लागली, पाण्याचा पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ घसा खरवडून काढलेला खणखणीत आवाज:

"बे एके बे! बे दुणे चार!"